राजस्थानात दुकान आहे, ऊन आणि धुळीपासून माल कसा वाचवायचा?

भवानीपेठी

नमस्कार मंडळी, दुकान पुण्यातलं नाहीये पण माल भवानी पेठेतून जातो म्हणून इथेच विचारतो. ताई आणि भावोजी बालोतऱ्याला असतात, जोधपूरहून बाडमेरला जाताना लागतं ते. भावोजी पचपदऱ्याच्या रिफायनरीच्या कामावर आहेत आणि ताईने गावात दुकान टाकलंय, कॉस्मेटिक, स्टेशनरी, गिफ्टचं सटरफटर आणि ओळखीच्या मराठी घरांसाठी थोडं मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी. हिवाळ्यात मस्त चाललं. आता एप्रिल संपत आला तशी रोज फोनवर रड सुरू झालीये. लिपस्टिकला घाम फुटलाय, सेलोटेपचे रोल एकमेकांना चिकटलेत, गाइडांची पानं बाइंडिंगमधून सुटतायत, आणि आंधी येऊन गेली की बंद शटरच्या आतसुद्धा सगळ्या रॅकवर पिठासारखी धूळ. पुसायची, परत तेच.

एकच गाळा आहे, तोंड पश्चिमेला, वर उघडा स्लॅब, स्टॉक सगळा पोटमाळ्यावर. मागच्या भिंतीला मोठा एक्झॉस्ट आहे आणि दोन सीलिंग फॅन. एसी घ्यायचा का कूलर यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात, ताई एसी म्हणते आणि भावोजी कूलर. बजेट फार नाही. तिकडे धंदा केलेलं कोणी आहे का इथे?

खवचट_पेठकर

जोधपूरच्या मिरचीवड्याच्या आणि कांद्याच्या कचोरीच्या मुलखात बाकरवडी विकायची म्हणजे तुमच्या ताईंना साष्टांग नमस्कार. बाकी दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवा म्हणावं. आपल्याला त्यावरून सगळं जग हसतं, पण तिकडे मे महिन्यात दुपारी लू सुटल्यावर रस्त्यावर कुत्रंही नसतं, दार उघडं ठेवून फक्त गरम वारा आणि धूळ आत घ्यायची, गल्ल्यात काही पडत नाही. सकाळी लवकर उघडा, रात्री उशिरापर्यंत बसा.

मारवाड_रिटर्न

जोधपूरला कॉस्मेटिकच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे गोडाऊन सांभाळायचो, आता कोथरूडला असतो. एसी की कूलर ते राहू दे बाजूला, आधी तो एक्झॉस्ट बंद करायला सांग.

कारण असं की एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि तुमच्याकडे ती येणार कुठून तर शटरच्या खालून, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांच्या खाचांतून आणि दाराच्या वरच्या फटीतून. म्हणजे तुम्ही स्वतःच पैसे देऊन धूळ ओढून घेताय. खात्री करायची असेल तर शटर पाडून, पंखा चालू ठेवून उदबत्ती पेटवायची आणि आतून शटरच्या कडेने फिरवायची. धूर जिथून जोरात आत वळतो तिथून धूळ येते. त्या जागा खडूने मार्क करा आणि तेवढ्याच बुजवा, अख्खं दुकान सील करत बसायची गरज नाही. खाली जाड रबराची पट्टी, बाजूच्या चॅनलला ब्रशची पट्टी, हार्डवेअरवाल्याकडे दोन्ही मिळतं. शटरच्या आत एक काचेचं नाहीतर ॲल्युमिनियमचं दार आणि त्याला डोअर क्लोजर, हे जमलं तर अर्धं काम झालं. नाही जमलं तर रात्री आतून जाड ताडपत्रीचा पडदा सोडायचा, जमिनीवर वीतभर लोळेल एवढा. एक्झॉस्टच्या भोकाला सीझनभर आतून प्लायचा तुकडा ठोकून टाका, नुसता बंद ठेवला तर पात्यांमधून येतेच.

कूलरचं उलटं आहे. तो हवा आत ढकलतो त्यामुळे फटींतून हवा बाहेर जाते आणि धुळीला आत यायला जागा राहत नाही. मे महिन्यात तिथली हवा इतकी कोरडी असते की कूलर खरंच काम करतो, आपल्या पुण्यातल्या जूनसारखी चिकचिक होत नाही. पण आंधीचं आभाळ दिसलं की कूलर तात्काळ बंद, नाहीतर तोच धूळ ओढतो. शिवाय तिकडचं पाणी खारं, पॅडवर पांढरे थर बसतात, ते घासायला लागतं. आणि कूलरचा झोत वह्या-पुस्तकांवर नको, कागद आधी ओल घेतो मग वाळून वाकडा होतो. जुलैमध्ये पावसाची हवा आली की कूलरचा उपयोग संपला.

आता उष्णता. फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री नोंदवलं गेलं, आणि हा सावलीतला आकडा असतो बरं का, स्लॅबवर काय होत असेल त्याचा अंदाज करा. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती सगळी आग आत ओकतो, म्हणून दुकानातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे पोटमाळा आणि तुमचा स्टॉक नेमका तिथेच! डिओच्या डब्यावर वाचा, ५० डिग्रीच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. डिओ, लायटर, नेलपॉलिश रिमूव्हर आजच्या आज खाली आणा, खालच्या रॅकवर, आतल्या भिंतीला. पोटमाळ्यावर स्टीलचे डबे, काचेच्या वस्तू, प्लॅस्टिकचे मग ठेवा, जे तापलं तरी काही बिघडत नाही. स्लॅब स्वतःच्या मालकीचा असेल तर वर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, नसेल तर निदान चुन्यात फेविकॉल घालून दोन हात. मात्र तो पांढरा राहिला पाहिजे, आंधीनंतर धूळ बसली की त्याचा फायदा निम्मा गेला, म्हणून अधूनमधून धुवायचा. पुढे पश्चिमेच्या उन्हाला शेडनेट, काचेपासून थोडं लांब, म्हणजे मधून हवा खेळते.

पुसण्याचंही सांगतो. फडका झटकायचा नाही, केरसुणी तर अजिबात नाही. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पाकिटांवर स्टॅटिक येतं, झटकलेली धूळ परत त्यांच्यावरच जाऊन बसते. जरासा ओला मायक्रोफायबर, वरच्या रॅकपासून खाली, फरशी सगळ्यात शेवटी.

तुळशीबाग_लेन

कॉस्मेटिकपुरतं मी सांगते. लिपस्टिकवर जे थेंब येतात ते तिच्यातलंच तेल असतं, गरम-गार गरम-गार झालं की वर येतं. माल बाद होतो असं नाही, पण गिऱ्हाईक झाकण उघडून बघतं आणि परत ठेवतं, मग तुम्ही काय शास्त्र सांगणार. त्यापेक्षा टिकल्यांचा बंदोबस्त करा, त्यांचा गोंद पाकिटातच सुटतो आणि अख्खं पान वाया जातं. नेलपॉलिश घट्ट होतं, मेणाच्या काजळपेन्सिली मऊ पडून टोक करताना मोडतात. शोकेसमध्ये फक्त रिकामी खोकी आणि टेस्टर लावायला सांगा ताईला, भरलेला माल आत ड्रॉवरमध्ये. पश्चिमेच्या उन्हात खोक्याचा लाल रंग गुलाबी होतो आणि मग जुना माल खपवताय का म्हणून घासाघीस सुरू होते.

सर्व्हिसवाला_धायरी

एसीचं काम करतो म्हणून लिहितो. सगळं दुकान गार करायच्या भानगडीत पडू नका, उघडझाप होणाऱ्या दुकानात आणि उघड्या स्लॅबखाली पैसा पाण्यात. मागच्या कोपऱ्यात प्लायची छोटी केबिन करून घ्या, आतून थर्माकोल, नीट बसणारं दार, आणि तेवढ्यालाच एक टनाचा एसी. त्यात लिपस्टिक, चॉकलेट, पॉवर बँक, टिकल्या, गम. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणजे १८ वर लावायची हौस नको, २५-२६ पुरे. बिल कमी येतं आणि लाइट गेली तरी दार बंद असेल तर केबिन बराच वेळ टिकते.

घेताना एकच विचारा, बाहेर ५२ डिग्री असताना चालतो का. साधे एसी ४३ पर्यंतच्या हवामानासाठी धरलेले असतात, त्याला टी१ म्हणतात, ५२ वाला टी३. पुण्यात टी१ ने भागतं, तिकडे भर दुपारी ट्रिप होत बसेल. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीला लावू देऊ नका, इन्स्टॉलेशनवाला पाइप वाचवायला तिथेच लावतो. आणि प्रत्येक आंधीनंतर त्याची जाळी ब्रशने, मग पाण्याच्या हलक्या धारेने साफ, प्रेशर पंप नको, फिन दुमडतात.

भवानीपेठी

सगळ्यांचे आभार, मारवाड_रिटर्न तुम्हाला तर स्पेशल. भावोजींनी काल रात्री उदबत्तीचा प्रयोग केला, म्हणे शटरच्या डाव्या चॅनलपाशी धूर अक्षरशः आडवा झाला. प्लाय ठोकून झालाय. ताईने पोटमाळा रिकामा करायला घेतलाय, त्यामुळे आता चालायला जागा नाही अशी नवीन तक्रार आहे. स्लॅब घरमालकाचा, चुन्याला हो म्हणालाय, खर्च तुमचा म्हणाला. केबिनचं पुढच्या महिन्यात बघू. अजून एक, माल इथून ट्रान्सपोर्टने जातो तेव्हा वाटेत काय करायचं?

मारवाड_रिटर्न

वाटेत तुमच्या हातात काही नाही. ट्रकपेक्षा ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये माल पडून राहतो तिथे जास्त तापतो. म्हणून नाजूक माल होळीच्या आत पाठवून टाका, तोही केबिनमध्ये मावेल एवढाच. एप्रिल ते जून नाजूक माल भरायचाच नाही, संपलं तर संपलं म्हणून सांगायचं. मी बघितलंय, तिकडे जुने दुकानदार उन्हाळ्यात रॅक अर्धे रिकामे ठेवतात, गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटत नाही. सगळा माल गार ठेवण्यापेक्षा नाजूक माल थोडा ठेवणं केव्हाही स्वस्त पडतं. पावती फाडताना डिलिव्हरी गुरुवार-शुक्रवारी येईल असं बघू नका, जरा उशीर झाला की माल रविवारभर गोडाऊनमध्ये शिजेल. आणि तळलेलं काही पाठवू नका, तेल खवट होतं.

भवानीपेठी

म्हणजे बाकरवडी दिवाळीपर्यंत बंद. मेतकूट आणि गोडा मसाला हवाबंद डब्यांत पाठवतो.

खवचट_पेठकर

मेतकूट जाऊ द्या खुशाल. भातावरचं तूप मात्र तिकडचंच घ्या म्हणावं, आपल्यापेक्षा चांगलं मिळतं. हे मी पुणेकर असून लिहितोय.