पोरगी खो-खोत विभागावर जाऊन आली, पुढच्या वर्षी दहावी. खेळू द्यावं का थांबवावं?

पारोळेकर_बापू

राम राम मंडळी. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. मोठी पोरगी नववीत आहे, शाळेच्या सतरा वर्षांखालच्या खो-खो टीममधे खेळते. यंदा तालुका मारला, जिल्हा मारला, आणि नाशिकला विभागावर जाऊन पहिल्याच मॅचला आडव्या होऊन आल्या. तरी ही तिथं अडीच मिनिटं पळाली, सर म्हणतात पोरीचा पळ चांगला आहे, उन्हाळाभर सकाळी साडेपाचला ग्राउंडवर पाठवा.

तिथूनच घरात दोन पार्ट्या झाल्या. माझी आई आणि बायको एका बाजूला, लग्नाला सतरा वर्षं झाली, या दोघींचं एकमत मी पहिल्यांदाच पाहतोय. म्हणणं एकच, बस झालं आता, पुढं दहावी आहे, पोरीची जात आहे, काळी पडली, गुडघे फोडून येते.

माझं मन मात्र तयार होत नाही. ही पोरगी सहावीत होती तेव्हा पाहुणे आले की माजघरातून बाहेर यायची नाही. नाशिकहून आली त्या रात्री हिनं स्वयंपाकघरात फरशीवर आठ वाट्या मांडल्या, एक इकडं तोंड एक तिकडं तोंड करून, दोन बाजूला दोन तांबे म्हणजे खांब, आणि आजीला समजावत बसली की चेसरनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाईस्तोवर तिला मागं फिरता येत नाही, ती फिरली होती, पंचांनी फाऊल दिला नाही, मी मॅच संपल्यावर जाऊन विचारलं त्यांना. आई म्हणे, यात तू कोणती? तर म्हणे मी लिंबू. भाजीवर पिळायला काढलेलं लिंबू घेऊन वाट्यांमधून नागमोडी फिरवत होती.

पंचांना जाऊन विचारलं! मी अजून तलाठी आप्पांसमोर सातबारा मागायला चाचरतो.

पण भीती मलाही आहेच. म्हणून विचारतोय, ज्यांची पोरं खेळली किंवा जे स्वतः खेळले त्यांनी खरं खरं सांगा.

केळीवाला_चोपडा

बापू राग मानू नका, थांबवा. मी बोलतोय कारण मी हे भोगलंय. कबड्डी खेळायचो, राज्यापर्यंत गेलो, गावात मिरवणूक निघाली, दहावीला ५२ टक्के. बारावीच्या वर्षी गुडघ्याची लिगामेंट गेली आणि ज्या सरांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं ते दवाखान्यात एकदा पण आले नाहीत. आज केळीचा घड खांद्यावर घेऊन पाटावरून उतरताना तोच गुडघा सांगतो मला कोण होतो ते.

लोक म्हणतील सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आहे ना. पण नुसतं खेळलो म्हणून चालत नाही, कोणत्या पातळीवर कितवा नंबर ते बघतात, मग प्रमाणपत्राची पडताळणी, त्यात लोकांनी बोगस प्रमाणपत्रं काढून ठेवली म्हणून खऱ्यावालाच चपला झिजवतो. माझी प्रमाणपत्रं पेटीत आहेत, वर डांबरगोळ्या टाकल्यात.

भाकरी_कळण्याची

पोर खेळी राहिनी तं खेळू द्या ना भो, तुमना पोटमां काय दुखस?

केळीवाला_चोपडा

पोटात नाही दादा, गुडघ्यात दुखतं. वरती लिहिलंय, वाचा.

धुळ्याची_मॅडम

मी शाळेत विज्ञान शिकवते, पीटीशी माझा काही संबंध नाही, त्यामुळे कुणी पक्षपाती म्हणू नये. केळीवाले भाऊ, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण तुमचं नुकसान कबड्डीनं केलं का दुखापतीनंतर कोणीच नीट उपचार आणि अभ्यासाकडे पाहिलं नाही त्यानं केलं, हे एकदा बघा.

बापू, नोकरी-आरक्षण जरा बाजूला ठेवा. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून तीनदा. हाडांत जी भर पडायची ती मुख्यतः याच वयात पडते, पुढं चाळिशीनंतर बाई त्याच शिदोरीवर जगते. माझ्या वर्गात खेळणाऱ्या चार मुली आहेत, चौघी काही हुशार नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू, पण गणित चुकलं की त्या वही बंद करून रडत नाहीत, पुन्हा विचारायला येतात. आपल्याकडं मुलगी आठवीत गेली की तिला मोकळं पळायला जागाच उरत नाही. गल्लीत पळता येत नाही, शेतात गेली तर कापूस वेचायला. ग्राउंड ही एकच जागा आहे जिथं ती जोरात ओरडली तरी कुणी "हळू बोल" म्हणत नाही.

आणि मार्कांचंच म्हणाल तर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण असतात, पातळीप्रमाणे वाढत जातात, जास्तीत जास्त २५.

गणित_एके_गणित

मॅडम, ते २५ आंतरराष्ट्रीय खेळाडूला हो. विभागावर पहिल्या मॅचला हरलेल्या टीमला काय मिळतं ते पण सांगा, आणि प्रस्ताव शाळेनं वेळेत बोर्डाकडं पाठवला तर. माझ्या भाचीचा प्रस्ताव क्लार्कच्या टेबलावर राहिला, पोरगी नुसती रडून मोकळी.

मी जळगावला क्लास घेतो, त्यामुळे मला शिव्या पडणार हे माहीत आहे 😄 पण साधा हिशोब करा. साडेपाच ते सात ग्राउंड, मग अंघोळ, शाळा, पाचला परत. संध्याकाळी पोरगी पुस्तकावर डुलक्या घेते. आज ना उद्या नीट किंवा सीईटी द्यायची आहे, तिथं एका मार्कावर सीट जाते, तिथं तुमचं खो-खो कोण विचारतं? आणि उन्हाळ्यात म्हणे प्रॅक्टिस. आपल्याकडं मे मधे ४४-४५ पारा, साडेआठला झळ लागते. एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं, अकरावीत खेळा परत.

शिरपूर_शटल

एक वर्ष थांबून परत कोणी येत नाही सर. मी स्वतः थांबलो होतो "फक्त दहावीपुरतं". आज वजन ९४.

बाकी कुस्तीचा तर आपल्या खान्देशातच दाखला आहे. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी, २०१४, १५, १६ लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, नंतर थेट डीवायएसपी. खेळून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं.

केळीवाला_चोपडा

विजयभाऊंचा अभिमान आम्हालाही आहे. पण यात्रेच्या दंगलीत नारळावर, शंभर रुपयांवर कुस्ती लढणारी पोरं किती आणि डीवायएसपी झाले किती? लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानात लावतात, न लागलेल्यांचा नाही लावत.

सातपुडा_धडगाव

दोन्हीकडचं वाचलं. केळीवाले दादांचं हे शेवटचं पटलं मला, आणि तरी मी म्हणेन खेळू द्या. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

मी आश्रमशाळेत शिकलो. आमच्याकडं बाकी सगळ्या बोंबा होत्या, पाणी नाही, लाईट नाही, पण संध्याकाळी अख्खं होस्टेल ग्राउंडवर असायचं. टीम-बीम नाही, जो येईल तो. दीडशे पोरं, एक बॉल, तो पण फुटका, मग आम्ही पळायचो नाहीतर लंगडी. कोणी मेडल आणलं नाही. पण मला दम्यासारखा त्रास होता लहानपणी, तो कधी कमी झाला कळलं नाही, आणि ज्या गावांशी आमच्या गावाचं जंगलावरून भांडण होतं त्या गावांची पोरं माझे मित्र झाले, आजही कापसाच्या गाडीला माणूस कमी पडला तर फोन त्यांनाच जातो.

आता पुतण्याच्या शाळेत गेलो होतो तालुक्याला. सहाशे पोरं. खो-खोची टीम बारा जणांची, त्यातले नऊ आत. तेच बारा कबड्डीत, तेच रिलेला, तेच लांब उडीला. उरलेल्या पोरांचं काम काय, तर स्पर्धेच्या आधी ग्राउंडवर मुरूम टाकणं! काळी माती ना आपली, उन्हाळ्यात भेगा अशा की पाय घोट्यापर्यंत जाईल, आणि स्पर्धा येतात ऑगस्टपासून, तेव्हा नुसता चिखल. तर ही पोरं घमेल्यानं मुरूम वाहतात, चुन्यानं रेषा मारतात आणि मग कडेला बसून टाळ्या वाजवतात. पीटीचे सर बिचारे अर्धं वर्ष निवडणुकीच्या नाहीतर कसल्या तरी ऑनलाईन माहितीच्या कामात. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य पाहिजे असं लिहिलंय. साहित्य कपाटात आहे. चावी हेडमास्तरांकडं.

मॅडम, तुम्ही ते ६० मिनिटांचे फायदे सांगितले ते त्या बारा जणांना मिळतात. सहाशेतल्या बाकीच्यांचं काय?

धुळ्याची_मॅडम

हे खरं आहे. आमच्या शाळेत पण पीटीचा तास मी स्वतः दोनदा मागून घेतलाय, पोर्शन राहिला होता म्हणून. लाज वाटते लिहायला.

गणित_एके_गणित

पोर्शन राहतो मॅडम, त्यात लाज कसली.

शिरपूर_शटल

सर तुम्ही झोपा आता 😂

पारोळेकर_बापू

सगळ्यांचे आभार, भांडलात पण मनापासून भांडलात. केळीवाले दादा, तुमचं वाचून पहिलं काम केलं, सरांना फोन लावला आणि विचारलं पोरीला लागलं तर काय करता. सर गप्प झाले, मग म्हणे बापू स्प्रे आहे आपल्याकडं. म्हटलं स्प्रेनं लिगामेंट जोडत नाही. आता असं ठरलंय की मे महिना पूर्ण बंद, जूनपासून आठवड्यात चार दिवस, तेही एक तास, आणि दुखलं की आधी डॉक्टर. घरातलं बिल अजून पास नाही, बायको म्हणाली सहामाहीचा रिझल्ट बघू. आई वाट्या मोजत असते रोज, एक कमी आहे म्हणे.

पण धडगाववाल्या भाऊंनी डोक्यात किडा सोडला. माझी धाकटी त्याच शाळेत सहावीत आहे. तिचं नाव या सगळ्या चर्चेत मी एकदाही घेतलं नव्हतं, आत्ता लक्षात आलं. जेवताना तिला विचारलं, पीटीच्या तासाला तुम्ही काय करतात गं?

म्हणे, ताईची टीम खेळते ना, आम्ही त्यांच्या चपला सांभाळतो.