मदत हवी आहे: म्हाताऱ्या मांजरीची दाढ, दातांचा एक्स-रे कुठे होईल?

मांजरी १३ वर्षांची, वजन ३.४ किलो, नसबंदी झालेली. खालच्या डाव्या सुळ्यामागच्या पहिल्या दाढेला हिरडीलगत खड्डा पडलाय, त्यात लालभडक मांस वाढलंय. खाताना मान वाकडी करते, दाणा तोंडातून सांडतो, तिथे बोट लागलं की जबडा थरथरतो. दाढ आतून विरघळतेय असं दिसतं. मुळं शाबूत आहेत की हाडात मिसळलीत हे एक्स-रेशिवाय कळणार नाही, आणि अख्खी दाढ काढायची की फक्त वरचा भाग, हे त्यावरच ठरतं.

क्रिएटिनिन (रक्तातून किडनीचं काम कळणारी तपासणी) २.१ आहे, म्हणून मेलोक्सिकॅम (किडनीवर ताण आणू शकणारं वेदनाशामक) बंद. अँटिबायोटिकचा कोर्स झाला; वास गेला, दुखणं तसंच. खाद्य कोमट पाण्यात भिजवून देतेय. पॅरासिटामॉल कृपया कुणी सुचवू नका, मांजरांना ते विष आहे. भूल न देता दात खरवडणंही नको, हिरडीखालचं त्याने निघत नाही.

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात गॅसची भूल, सलाईन आणि दातांचा एक्स-रे एकाच ठिकाणी करणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर नाशिक गाठावं लागेल, तेही या उन्हात रात्रीच. तोवर किडनी सांभाळून दुखणं कमी करायला तुमच्या डॉक्टरांनी काय दिलं होतं, किती वजनाला किती?