गुलमोहर, वर्षावृक्ष आणि चिंच यांचे नाते

प्रश्न: भायखळ्यातील आमच्या गल्लीत मादागास्करचा गुलमोहर आणि उष्ण अमेरिकेतील वर्षावृक्ष शेजारी उभे आहेत. दोन्ही शेंगावर्गीय कुळातील असल्यामुळे, खंड विलग होताना हे नातलग दुरावले असे मानावे काय?

उत्तर १: नाही. मादागास्कर आणि भारत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, तर या कुळाचे खात्रीचे जीवाश्म साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीपासूनच मिळतात. त्यामुळे पुष्कळसा प्रसार मधला समुद्र ओलांडूनच झाला असला पाहिजे. मुंबईत मात्र त्यांना माणसाने आणले.

उत्तर २: नात्याविषयी थोडी भर घालतो. २०१७ साली जुने तीन उपकुळांचे वर्गीकरण मोडून सहा उपकुळे मानण्यात आली. त्यात आपले हे दोन्ही वृक्ष एकाच उपकुळात आले, पण चिंच सीता-अशोकाच्या उपकुळात गेली. चिंचेचे फूल तळहातावर घेऊन पाहावे: लाल शिरांच्या तीनच ठळक पाकळ्या दिसतात, उरलेल्या दोन अगदी खुरटलेल्या असतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चिंच तरी इथलीच ना?

उत्तर २: तीही मूळची आफ्रिकेतली, अरबांनी मात्र तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले!