घरात चुलीवर शिसं वितळवणं थांबवा, परवाना असो की नसो

धुऱ्यावरचा (राळेगाव)

आपल्या तालुक्याच्या शेतकरी ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरते आहे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोडा, शिशाच्या प्लेटा काढा, लोखंडी कढईत चुलीवर वितळवा, साच्यात ओता, ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीला वर्षभराच्या गोळ्या फुकटात. खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. एकानं तर ‘शेतकऱ्याचं डोकं’ म्हणून पाठ थोपटली. मी तो फोटो मोठा करून पाहिला. कढईच्या मागं भिंतीला पोळपाट टेकवलेलं आहे आणि बाजूच्या खाटेवर लेकरू झोपलं आहे. म्हणून हे लांबलचक लिहितो आहे.

माझ्याकडं पीक संरक्षणाचा परवाना आहे, आजोबांपासूनची ठासणी आहे. रानडुकरं एका रात्रीत वावराचं काय करतात ते मला कोणी शिकवू नये. माझा राग बंदुकीवर नाही, कढईवर आहे.

शिसं ३२७ अंशांवर वितळतं. चुलीचा जाळ त्याच्या कितीतरी वर जातो आणि ५०० अंशांच्या आसपास धूर जोरात सुटायला लागतो. चुलीवर कोणी तापमान मोजत नाही. पण धुरापेक्षाही वाईट आहे ती वर तरंगणारी राखाडी मळी. ती आपण पळीनं काढतो आणि चुलीच्या कडेला ठोकतो. वाळली की तिची पिठासारखी पूड होते. ती हाताला लागते, पदराला लागते, तिथून परातीत जाते. रांगतं लेकरू त्याच जमिनीवरून हात फिरवून तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकं चालतं अशी पातळीच नाही, हेही तीच सांगते.

आणि बॅटरी तर अजिबात नको. जुन्या प्लेटांत अँटिमनी, थोडं आर्सेनिक. नव्या, पाणी न लागणाऱ्या बॅटरीत कॅल्शियम. ही मळी एकत्र आली आणि ओली झाली की त्यातून आर्सीन आणि स्टिबीन हे विषारी वायू निघतात. ग्रुपवरचा भाऊ सांगतो की मळी उकिरड्यावर टाका. पावसात काय होईल त्याचा विचार केला का?

पराटीवाला

झालं तुमचं भाषण? आमच्या बुढ्यानं, म्हंजे आज्यानं, जिंदगीभर चुलीवरच गोळ्या ओतल्या. ८४ वर्षं जगला, शेवटपर्यंत बिनचष्म्याचा पेपर वाचे. आम्ही चार भावंडं त्याच घरात वाढलो, कोनाले काही झालं नाही. आता शहरातले लोक सांगून राहिले की शिसं विषारी.

मले एवढंच सांगा, ठासणीची गोळी कोन्या दुकानात भेटते? जिल्ह्याच्या दुकानात गेलो तर तो काडतुसं दाखवते. काडतूस काय ठासणीत घालू? तुमच्या आजोबांची ठासणी हाय म्हनता, तिच्यात तुम्ही काय घालता ते लिहा न इथं. डुक्कर रात्री वावरात आलं की त्याले जागतिक आरोग्य संघटनेचा कागद दाखवू काय?

धुऱ्यावरचा (राळेगाव)

पहिली गोष्ट, मी शहरात राहत नाही. दुसरी, परवानाधारक दुकानातून छर्रे मिळतात, मागून ठेवावे लागतात, दोन चकरा होतात. मी त्या मारतो. मी बहुतेक वेळा नुसती दारू भरून आवाज काढतो, कळप तेवढ्यानं धुऱ्यापलीकडं जातो.

बुढ्याचं म्हणाल तर शिसं माणसाला लगेच पाडत नाही. ते कॅल्शियमच्या जागी हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतून पुन्हा रक्तात येतं. तुमच्या आजोबांना काही झालं नाही म्हणता, तुमच्या आजीचं कोणी पाहिलं का?

पराटीवाला

आजीवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

कोर्टाच्या पायरीवर

दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलत आहात. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ वाचा. परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. पीक संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायचा असतो, गोळ्या बनवायचा नसतो. ग्रुपवर साच्याचा फोटो टाकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पुरावा तयार करून दिला आहे. शिवाय डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

जागलीवर

वकीलसाहेब, कायदा सांगताच आहात तर हेही सांगा. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. ठाण्यातून फोन, बंदूक जमा करा. आमच्याकडं मतदान २६ एप्रिलला झालं, पण बंदूक जूनमध्ये निकाल लागल्यावर परत भेटली. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा जमा. हरभरा पेरलेला, डुकरं रोज रात्री ओळीनं उकरून बी खाऊन राहिली, आणि माझी पीक संरक्षणाची बंदूक ठाण्याच्या कपाटात! मग परवाना कशाचा दिला? पीक संरक्षणाचा की ठाण्याच्या कपाटाच्या संरक्षणाचा?

परत घेतली तेव्हा नळीत गंज होता. बाबांनी दर दिवाळीला तेल लावून पुसलेली नळी.

कोर्टाच्या पायरीवर

सगळ्यांनी सरसकट जमा करायची असा नियम नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते, तिनं परवानाधारक पाहून ठरवायचं असतं. ज्याच्यावर गुन्हा आहे, ज्याचा पूर्वीचा दंग्याचा इतिहास आहे, त्याची आधी. तुम्ही लेखी अर्ज द्या की शेती जंगलाला लागून आहे, हंगाम चालू आहे. पोच घ्या.

जागलीवर

अर्ज दिला होता. घेणारा म्हणाला, ‘ठेवून जा’. पोच मागितली तर म्हणाला, ‘तुले विश्वास नाही का?’ आता सांगा, ठाण्यात उभं राहून काय म्हणावं माणसानं?

वाशीमकर

आमच्याकडं तेच. आणि नुकसानभरपाईची कथा वेगळीच. तीन दिवसांत अर्ज, पंचनामा, सातबारा, फोटो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत डुकरांनी उरलेलंही खाल्लेलं असतं. मग तो विचारतो, यातलं पहिल्या दिवशीचं किती? ज्यानं भरपाईत चालढकल करायची तोच म्हणणार की बंदूक जमा करा, तोच म्हणणार की तारेत करंट सोडू नका. बरोबर आहे, करंटानं माणसं मेली, वाघही मेले. पण शेतकऱ्यानं नेमकं काय करायचं ते कोणी लिहून देत नाही.

पराटीवाला

हे बोला! शिसं-बिसं बाजूला ठेवा, हाच खरा धागा हाय.

सिस्टर_गोंदिया

खरा धागा हा नाही, दादा. मी उपकेंद्रात काम करते, शिसं काय करतं ते पाहिलं आहे. आमच्याकडं तलावाच्या गावांत मासे धरायच्या फेकजाळ्याला वजनासाठी लावायच्या शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. एका घरातलं मूल सारखं पोट धरून रडायचं, शौचाला होत नव्हतं, चेहरा पांढराफटक. रक्त कमी म्हटलं की आपल्याकडं आधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बघतात, आणि ते बघायलाच पाहिजे. ती तपासणी चांगली आली. मग लोहाच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, सगळं झालं. घरी गेले तेव्हा त्याच्या आईनं जाळ्याच्या गोळ्या आणि ज्वारी एकाच सुपात पाखडलेली पाहिली. पुढं मोठ्या दवाखान्यात रक्तातलं शिसं मोजलं तेव्हा कळलं. मूल बरं आहे, पण शाळेत मागं आहे.

बॅटरीचं तर विचारूच नका. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारोये नावाच्या वस्तीत लोक बॅटरीची माती चाळून शिसं विकायचे. २००७ च्या शेवटापासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथं १८ लेकरं गेली. ती कोणाच्या बंदुकीनं गेली नाहीत.

पराटीवाला

म्हणजे आता ढिवरभाऊंनी जाळंही टाकू नये? त्यांचं पोट बंद, आमचं पीक बंद. तुम्ही पगारवाले सांगा, आम्ही ऐकतो.

नवेगावचा ढिवर

माझ्या पोटाची काळजी तुम्ही करू नका. आम्ही आमच्या गोळ्या ओततो, पण घरात नाही. आमचा बाप तलावाच्या पाळीवर, वारं पाठीशी घेऊन, वस्तीपासून दूर ओतायचा. लेकरांना जवळ येऊ देत नव्हता. परतला की विहिरीवर अंघोळ, मग उंबरठा. कढई घरात यायची नाही, झाडाला टांगलेली राहायची. एकदा साचा ओला राहिला तर शिसं असं उसळलं की त्याच्या मनगटावर मरेपर्यंत वण होता. शिकलेला नव्हता, पण एवढं त्याला समजत होतं. सिस्टर ज्या घराचं सांगतात तसली घरं आमच्यातही आहेत. त्यांना मी समोर बोललो आहे, इथं लपवणार नाही.

धुऱ्यावरचा (राळेगाव)

भाऊ, तुमच्या वडिलांनी जे पाळलं तेवढं जरी ग्रुपवरच्या पोस्टमध्ये असतं तर मी लिहिलंच नसतं. आणि जागलीवर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. हंगामात बंदूक काढून घेणं चूक आहे. पण त्या रागात बॅटरी फोडायची हे मला पटत नाही. ठाण्यावरचा राग लेकराच्या हाडांत का घालायचा?

पराटीवाला

ठीक हाय. बॅटरी नाही फोडत. सिस्टरनं सांगितलं म्हनून, तुम्ही सांगितलं म्हनून नाही. पन बुढ्याचा साचा मी फेकनार नाही, वकीलसाहेबांना जे करायचं ते करू द्या.

कोर्टाच्या पायरीवर

साचा ठेवलाय असं इथं लिहू नका हो. डिलीट करा ते.

जागलीवर

ते डिलीट करा, माझं राहू द्या. आणि अर्जाचा नमुना कोणाकडं असेल तर टाका. पुढच्या निवडणुकीच्या आधीच देऊन ठेवतो, दोन प्रतींत, एकीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय ठाण्यातून हलणार नाही.