पीएचडीचा डेटा झेनोडोवर टाकू का? सर नको म्हणतायत

सड्यावरची

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, वाचा प्लीज, कारण माझ्या कॉलेजात हे विचारायला कुणीच नाहीये.

माझी पीएचडी वनस्पतीशास्त्रात, रत्नागिरी-राजापूर भागातल्या जांभ्याच्या सड्यांवर (कातळाच्या सपाट माळांवर) पावसाळ्यात जे काही उगवतं त्यावर. चार पावसाळे, 36 प्लॉट, पहिली सर पडल्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर आठ दिवसांनी गाडी काढायची आणि पीव्हीसी पाइपची मीटर बाय मीटर चौकट कातळावर ठेवून आत काय उगवलंय, काय फुललंय, किती फुलं, खळग्यात पाणी किती सेंटीमीटर साठलंय हे सगळं मोजायचं. दीपकाडी कधी वर येते तिथपासून सीतेची आसवं कधी सुकतात तिथपर्यंत. अकरा हजाराच्या वर नोंदी झाल्यात.

आता पेपर मायनर रिव्हिजनवर (किरकोळ दुरुस्त्यांसाठी परत) आलाय आणि एडिटरनी सांगितलंय की मूळ डेटा एखाद्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (झेनोडोसारख्या डेटा साठवायच्या साइटवर) टाका आणि त्याचा डीओआय (न बदलणारा ऑनलाइन ओळख नंबर) पेपरात द्या. सर म्हणतायत कशाला, "मागितल्यास देऊ" असं एक वाक्य घाल आणि मोकळी हो. सरांवर राग नाही माझा, सड्यावरची गवतं ओळखायला त्यांनीच शिकवलं, पण त्यांना वाटतं की अजून दोन पेपर या डेटातून निघायचेत आणि मोठ्या संस्थेतला कुणीतरी आधीच लिहून मोकळा होईल.

माझी भीती वेगळीये. माझ्या चार प्लॉटांत कंदीलपुष्प आहे. त्याचा कंद लोक खणून नेतात. माझ्या शीटमध्ये प्रत्येक प्लॉटचा जीपीएस सहा दशांश स्थळांपर्यंत आहे, तो तसाच नेटवर ठेवला तर खणणाऱ्याला मीच हाताला धरून तिथे नेल्यासारखं होईल.

तर टाकू का? कुठे? आणि टाकायचा तर त्यातलं काय झाकू?

मांडवीकाठ

ताई, टाकाच. मी मूळचा पणजीचा, सध्या बाहेर पोस्टडॉक करतोय, आमच्या लॅबमध्ये डेटा टाकल्याशिवाय पेपर पाठवतच नाहीत त्यामुळे हे सगळं हाताखालून गेलंय.

आधी सरांच्या त्या वाक्याबद्दल. 2014 साली करंट बायॉलॉजीत एक पेपर आला होता, त्यांनी 2 ते 22 वर्षं जुने 516 पेपर घेतले, आणि तेही प्राण्या-वनस्पतींच्या मोजमापांचे म्हणजे आपल्याच जातकुळीतले, आणि लेखकांना मेल करून डेटा मागितला. तर पेपर जसजसा जुना तसतशी डेटा शिल्लक असण्याची शक्यता (ऑड्स म्हणतात ते) दर वर्षाला 17 टक्क्यांनी घटत गेलेली. कुणाचा मेल आयडी बंद, कुणाचा डेटा अशा डिस्कवर की जी लावायला मशीनच राहिलं नाही. कुणी मुद्दाम अडवत नसतं हो, पण दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल, लॅपटॉप कुठे असेल, कुणाला माहीत.

कुठे टाकायचा म्हणाल तर झेनोडो सोपं पडेल. 2013 ला सुरू झालं, जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेकडे त्याचे सर्व्हर आहेत, फुकट आहे, एका रेकॉर्डला 50 जीबी मिळतात, तुमची शीट तर काही एमबीचीच असणार. ड्रायड पण चांगलं आहे पण तिथे पैसे पडतात. झेनोडोवर पब्लिश करायच्या आधीच डीओआय राखून ठेवता येतो, तो पेपरात लिहायचा आणि पेपर नक्की झाला की बटण दाबायचं. आणि सरांच्या काळजीवर उपाय आहे तिथे, एम्बार्गोची तारीख घालता येते, म्हणजे रेकॉर्ड दिसतं, डीओआय मिळतो, नावावर तारीख पडते, पण फाइल उघडते तुम्ही ठरवलेल्या दिवशी. मात्र एम्बार्गो घालायच्या आधी एडिटरना विचारून घ्या, काही जर्नलांना तो चालत नाही. तसं असेल तर या पेपरला लागणारे कॉलम आत्ता द्या आणि बाकीचे पुढच्या पेपरांबरोबर.

लायसन्स सीसी बाय घ्या, त्यात वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं.

कंदीलपुष्पाचं तुमचं बरोबर आहे, ते झाकायचंच. आयनॅचरलिस्टवर (लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात ती साइट) धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप 0.2 अंशाच्या चौकोनात धूसर करतात, आपल्याकडे तो चौकोन साधारण 22 किलोमीटरचा होतो. तुम्ही तसंच काहीतरी करा, उघड्या फाइलमध्ये जीपीएस एक दशांश स्थळापर्यंतच ठेवा आणि पूर्ण आकडे वेगळ्या रेकॉर्डमध्ये रिस्ट्रिक्टेड ठेवा, ज्याला खरंच हवेत तो कारण लिहून मागेल, तुम्ही बघून द्या. पण धूसर केलंय हे फाइलमध्ये लिहा, नाहीतर कुणीतरी त्या गोल आकड्यांवर नकाशा काढून बसेल. गावाचं नाव, सड्याचं नाव असे कॉलम असतील तर तेही बघा, नुसता जीपीएस झाकून काही उपयोग नाही.

खोडदकर

वनस्पतींतलं मला कळत नाही, पण मोठ्या संस्थेतला कुणी आपल्या डेटावर काम करेल ही भीती वाचली म्हणून आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्यावर 2010 ते 2012 मध्ये टीजीएसएस नावाचा आकाशाचा सर्व्हे झाला, 150 मेगाहर्ट्झवर, दोन हजार तासांच्या वर निरीक्षणं. कच्चा डेटा प्रचंड आणि कटकटीचा, कारण त्या फ्रीक्वेन्सीला आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) चित्र हलवतं आणि माणसांनी केलेला रेडिओचा गोंगाट असतो तो वेगळाच. जीएमआरटीचा कच्चा डेटा ठरलेली मुदत संपली की अर्काइव्हमध्ये सगळ्यांना खुला होतो. तर हा सगळा डेटा नव्याने प्रोसेस केला तो बाहेरच्या एका छोट्या गटाने, हुइब इंटेमा आणि त्यांचे तीन सहकारी. हे आयनोस्फिअरचं करेक्शन इंटेमांचा खास विषय. 2017 ला त्यांनी पेपर काढला, आकाशाचा 90 टक्के भाग, सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी, आणि ती चित्रंही परत सगळ्यांसाठी खुली ठेवली.

आता यात आपलं काय गेलं? काहीच नाही. पेपराच्या नावातच जीएमआरटी आहे आणि ती यादी जगभर कुणीही वापरली की जीएमआरटीचं नाव येतंच. डेटा बंद असता तर तो नुसता टेपवर पडून राहिला असता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं की मोजणारा एक आणि त्यातून काढणारा दुसरा असू शकतो, दोघांचं काम खरं असतं.

निवृत्त मास्तर

मी तुझ्या सरांच्या वयाचा आणि बरीच वर्षं त्यांच्याच मताचा होतो, त्यामुळे त्यांची बाजू सांगतो. छोट्या कॉलेजातल्या माणसाकडे ना मशीन ना फंड. त्याच्याकडे काय असतं, तर पायी हिंडून गोळा केलेला डेटा, तेवढीच त्याची पुंजी. ती गेली की माणूस उघडा पडतो. खोडदच्या मागे मोठी संस्था उभी आहे, आपल्यामागे कोण आहे?

माझं झालेलं सांगतो. ओढ्यातल्या माशांच्या नोंदी होत्या, सहा वर्षांच्या. एका संस्थेतल्या ओळखीच्या माणसाने मेलवर मागितल्या, मी विश्वासाने एक्सेल पाठवली. तीन वर्षांनी एका पेपरात माझंच टेबल जसंच्या तसं, माझी एक टायपिंगची चूक होती तीही तशीच, आणि आभारात फक्त "स्थानिक सहकारी". तक्रार करायला गेलो तर मला विचारलं, हा डेटा तुमचा होता याला पुरावा काय? पुरावा म्हणजे माझ्या कपाटातली वही, तिच्यावर कुणाचा शिक्का असणार?

खूप वर्षं मी हे कुलुपात ठेवायचं कारण म्हणून सांगत आलो. नंतर लक्षात आलं की गेलं ते कुलुपातलंच गेलं. उघड्यावर, नाव आणि तारीख लावून ठेवलं असतं तर त्या माणसाला माझं नाव घालावंच लागलं असतं, आणि नसतं घातलं तर दाखवायला माझ्या हातात काहीतरी असतं. सरांना माझं हे सांग हवं तर. आणि त्यांचं नाव डेटाच्या लेखकांत घाल, पेपरात आहे तसं तिथेही, याने फरक पडतो.

ग्रंथालयवाली

मी कॉलेज ग्रंथपाल आहे, शोधगंगेवर (देशातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध चढवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून लिहितेय. बरेच जण म्हणतात की प्रबंध शोधगंगेवर जाणारच आहे ना, यूजीसीचा नियमच आहे 2009 पासून, मग डेटा वेगळा कशाला. अहो पण तिथे जाते ती पीडीएफ. परिशिष्टातलं ऐंशी पानी टेबल पीडीएफमधून परत आकड्यांत आणायचं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. प्रबंध वाचायला असतो, डेटा परत वापरायला लागतो.

आणि ताई, अपलोडला दहा मिनिटं लागतात, खरं काम आधीचं आहे. रीडमी फाइल लिहा. प्रत्येक कॉलमचं नाव, त्याचा अर्थ, एकक, कोणी मोजलं, कशाने मोजलं. "पा_सेमी" म्हणजे खळग्यातलं पाणी सेंटीमीटरमध्ये हे आज तुम्हाला पाठ आहे, तीन वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

तारखा आत्ताच्या आत्ता बघा. एक्सेल 03-07 ला कधी 3 जुलै समजतं कधी 7 मार्च, मशीनच्या सेटिंगप्रमाणे, आणि तुमचा तर सगळा विषयच तारखांचा आहे. 2021-07-03 असं वर्ष आधी लिहायचं म्हणजे प्रश्न मिटतो. एक्सेल जनुकांच्या नावांच्या पण तारखा करायचं, शेवटी 2020 मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली समितीने, इतकं ते हाताबाहेर गेलेलं.

स्थानिक नावं देवनागरीत असतील तर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली नाहीत ना बघा, दुसऱ्या मशीनवर त्याचा अक्षरशः कचरा दिसतो. युनिकोड करा, आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातली टेबल फाइल) सेव्ह करताना यूटीएफ-8 (युनिकोडची सेटिंग) निवडा. आणि शेवटचं, रिकामा चौकोन आणि शून्य यात फरक ठेवलाय का तुम्ही? शून्य म्हणजे गेले, बघितलं, फूल नव्हतं. रिकामं म्हणजे गेलेच नाही.

सड्यावरची

पाच दिवसांनी लिहितेय, सॉरी. ग्रंथालयवाली ताई, तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मी रात्री साडेअकराला शीट उघडली आणि पोटात गोळा आला.

2021 च्या जुलैत, चिपळूणला पूर आला तो आठवडा, आमच्याकडचेही रस्ते बंद होते, मी गेलेच नव्हते. वहीत त्या पानावर फक्त "पाऊस. जाणं झालं नाही" एवढंच लिहिलंय. आणि शीटमध्ये त्या आठवड्याला 36 च्या 36 प्लॉटांना शून्य आहे. टायपिंग मीच केलेलं, रिकामं राहायला नको म्हणून खाली ओढत नेलं असणार. म्हणजे माझ्या ग्राफमध्ये त्या वर्षी तेरडा आणि पानगेंद फुलायला सुरू होतात, एक आठवडा सगळा सडा ओसाड होतो आणि परत फुलतो, आणि मी त्यावर डिस्कशनमध्ये एक आख्खा परिच्छेद लिहिलाय की अतिवृष्टीने फुलं झडली असावीत! रिव्ह्यूअरनाही ते पटलं होतं.

परिच्छेद काढला. सगळं परत चालवलं. मुख्य निष्कर्ष टिकला, पण त्या वर्षाची बहराची तारीख चार दिवसांनी सरकली. एडिटरना जसं झालं तसं कळवलंय. चार वर्षं मी ही शीट रोज उघडत होते आणि मला दिसलं नव्हतं, परक्या माणसाला समजेल असं लिहायला बसले तेव्हा दिसलं.

सरांना मास्तरांचा किस्सा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की त्यांच्या पीएचडीच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या, हे मला माहीतच नव्हतं. आता ते हो म्हणतायत, सहा महिन्यांचा एम्बार्गो आणि दोघांचं नाव, जर्नललाही चालतंय. कंदीलपुष्पाचे चार प्लॉट वेगळ्या बंद रेकॉर्डमध्ये, उघड्या फाइलमध्ये सड्यांना नुसते नंबर. आमच्या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, काही अजून कुठे जाहीर झालेली नाहीत, म्हणूनही नंबरच बरे.

एकच विचारायचंय. एक गुराखी काका आहेत, पहिल्या वर्षापासून मला फोन करून सांगतात की अमक्या बाजूला दीपकाडी आली, पलीकडच्या डबक्यात पाणी आटलं. दोनशेच्या वर नोंदींच्या तारखा त्यांच्या फोनमुळे पकडता आल्यात. पेपरात आभार आहेत, पण डेटात त्यांचं नाव कुठे घालता येतं का? मास्तरांचं "स्थानिक सहकारी" वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मांडवीकाठ

येतं ना. झेनोडोवर लेखकांच्या खाली कॉन्ट्रिब्युटर्स म्हणून रकाना असतो, त्यात भूमिका निवडायची असते, "डेटा कलेक्टर" अशी आहे. नाव टाका, संस्थेचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. पण आधी त्यांना विचारा, नाव नेटवर कायम राहणार हे नीट सांगून, आणि गाव लिहायचं की नाही तेही, कारण गावावरून सडा कळेल. ज्या नोंदी त्यांच्या फोनवरून आल्या त्यांना एक वेगळा कॉलम द्या, म्हणजे वापरणाऱ्यालाही समजेल.

ग्रंथालयवाली

आणि रीडमी मराठीतूनही एक पान लिहा. काकांना वाचून दाखवता येईल.

सड्यावरची

शनिवारी जातेय सड्यावर, तेव्हा विचारते त्यांना. मराठी पान आजच लिहायला घेते.