समुद्राखालचं मँटल (पृथ्वीच्या कवचाखालचा जाड दगडी थर) कसं वाहतं हे दगडावरून कसं कळतं?

दगडवेडी: अटलांटिक रिजवरच्या (महासागराच्या तळावरची डोंगररांग) अटलांटिस मासिफ या डोंगरामध्ये २०२३ला १२६८ मीटर ड्रिल केलं ना, त्या दगडावरून खालची हालचाल नेमकी कळते कशी?

कोकणकडा७: पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघ, जिथे ऑलिव्हीन (मँटलमधलं मुख्य खनिज) शिल्लक असतं तिथे कण एकाच दिशेला लागलेले दिसतात, कारण हजार डिग्रीच्या वर दगड न वितळताच हळूहळू सरकत असतो, आणि म्हणूनच भूकंपलहरीसुद्धा त्या दिशेने जास्त वेगात जातात. मला तर हे फार भारी वाटतं!

कातळ: बरोबर, पण वरच्या थराचं वेगळंय. तिथे एका मोठ्या तिरक्या फॉल्टवरून (खडकातली भेग, जिच्यावरून दगड सरकतात) मँटलच वर ओढलं गेलंय, पाणी शिरून त्याचं सर्पेंटाइन आणि टाल्क ही मऊ खनिजं झालीयेत, टाल्क हाताला साबणासारखा लागतो बघ, त्यावरून फॉल्ट सहज घसरतो.

दगडवेडी: म्हणजे गरम असतानाच्या आणि थंड झाल्यावरच्या दोन्ही खुणा एकाच ठिकाणी! थँक्यू दोघांनाही.