शब्दचर्चा : स्तोत्रांच्या माथ्यावरचा ‘मुख्य गवई’ कोण?

प्रश्न : मराठी बायबलातील स्तोत्रसंहिता वाचताना अनेक स्तोत्रांच्या माथ्यावर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना दिसते. गवई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंबोऱ्यांच्या जोडीमध्ये बसून मैफल रंगवणारा कलावंत उभा राहतो. यरुशलेमच्या मंदिरातला हा माणूस तसाच होता का, आणि नसल्यास ‘गवई’ हा शब्द इथे चालतो का?

उत्तर : मूळ हिब्रू शब्द ‘लमनात्सेयाख’ असा असून तो ५५ स्तोत्रांच्या आरंभी येतो. गंमत अशी की त्यात ‘गाणे’ या अर्थाचा धातूच नाही. त्यातील क्रियापदाचा अर्थ देखरेख करणे, कामावर माणसे लावून ते पुढे नेणे असा आहे. शलमोन राजाने मंदिर बांधताना पाथरवटांवर आणि ओझेवाल्यांवर जे मुकादम नेमले, त्यांच्यासाठी बायबलातील ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकात हाच शब्द आहे, आणि बाबेलच्या बंदिवासातून यहुदी परतल्यावर मंदिराच्या बांधकामावर लेव्यांना, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या कुळातील लोकांना, नेमले तेव्हा एज्राच्या पुस्तकातही हेच क्रियापद वापरले आहे. पुढे याच धातूला ‘जिंकणे’ हा अर्थ चिकटला आणि त्याच्याच कुळातील ‘नेत्साख’ म्हणजे चिरकाल, त्यामुळे जुन्या भाषांतरकारांची चांगलीच तारांबळ उडाली. सप्तती या हिब्रू बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘शेवटासाठी’ असे झाले, तर जेरोम या धर्मपंडिताने हिब्रूवरून केलेल्या लॅटिन भाषांतरात ‘विजेत्यासाठी’ असे लिहिले. त्या मानाने मराठी भाषांतरकार अर्थाच्या बरेच जवळ पोहोचले, असे माझे मत आहे. आजच्या हिब्रूत वाद्यवृंदाच्या संचालकाला ‘मेनात्सेयाख’च म्हणतात.

अडचण ‘मुख्य’ या शब्दाची नसून ‘गवई’ या शब्दाची आहे. मंदिरातील गायन ही कोणा एकाची कला नव्हती, ती वंशपरंपरेने चालत आलेली सेवा होती. आसाफ, हेमान आणि यदूथून या तीन घराण्यांतील २८८ गायकांच्या चिठ्ठ्या टाकून २४ पाळ्या पाडल्याचे ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सांगितले आहे. देवळातील गुरवाची पाळी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीतही ‘गायक : आसाफाचे वंशज १२८’ अशी याजक आणि द्वारपाळ यांच्याप्रमाणेच स्वतंत्र नोंद आहे. शिवाय हे पुढारी हातात काय धरत, तर पितळेच्या झांजा. म्हणजे आलापी करणाऱ्यापेक्षा टाळ धरून दिंडी चालवणाऱ्याशी त्यांचे नाते जवळचे वाटते. म्हणून ‘गायकप्रमुख’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

पुरवणी : बंदिवासानंतर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात, म्हणजे इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त करेपर्यंत, हे गायन कसे चाले याचे बारीक वर्णन ‘मिश्ना’ या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात आहे. नित्याच्या होमबलीवर द्राक्षारस ओतण्यासाठी याजक वाकला की फडके हलवून इशारा होई, झांज वाजे आणि लेवी त्या दिवसाचे स्तोत्र सुरू करत. रविवारी २४ वे, सोमवारी ४८ वे, शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, ९२ वे. प्रत्येक खंडाच्या शेवटी कर्णे वाजत आणि लोक साष्टांग नमन करत. चौथऱ्यावर बारांहून कमी लेवी चालत नसत, वर कितीही चालत. लेव्यांची लहान मुले मात्र चौथऱ्यावर न चढता खाली जमिनीवर, मोठ्यांच्या पायांमध्ये डोकी येतील अशी उभी राहून गात. ती वाद्ये न वाजवता केवळ तोंडाने गात, आणि त्याचे कारण सांगताना ‘गाण्यात मसाला घालण्यासाठी’ या अर्थाचे शब्द योजले आहेत. थोरांच्या भरड आवाजात पोरांचा कोवळा सूर मिसळला की काय होते, हे यापेक्षा चटकदार शब्दांत सांगता येणार नाही.

प्रश्न : १५० व्या स्तोत्रातील सतार आणि वीणा यांचे काय? ती वाद्ये तिथे असणे शक्य नाही.

उत्तर : शक्य नाहीच. मूळ शब्द ‘नेवेल’ आणि ‘किन्नोर’ असे आहेत. दोन्हींना सतारीसारखी पडदे असलेली लांब दांडी नव्हती. किन्नोर म्हणजे दोन बाहू आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी असलेल्या चौकटीत तारा ताणलेले वाद्य, रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडातील (इ.स. १३२ ते १३५) नाण्यांवर अशा चौकटीच्या वाद्यांची चित्रे आहेत. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या सांगण्याप्रमाणे किन्नोरला दहा तारा असत व ते कोनाने, म्हणजे तारा छेडण्याच्या नखीने, वाजवत, तर नेवेल बोटांनी वाजवत. ‘वीणा’ हे आपल्याकडे तंतुवाद्यांचे जुने सामान्यनाम असल्याने ते खपून जाते, पण ‘सतार’ वाचताना दरबारी बैठक आठवते आणि वेदीपुढचे चित्र पुसले जाते. तिथे ‘तंतुवाद्य’ म्हणणे बरे.

किन्नोर आणि आपली किन्नरी वीणा यांच्यातील ध्वनिसाम्य पाहून नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. किन्नोरचे भाईबंद उगारित आणि मारी या प्राचीन सीरियन नगरांतील लेखांत, म्हणजे पश्चिम आशियातच, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात सापडतात. भारतीय शब्दाशी त्याचा धागा केवळ उच्चारावरून जुळवणे म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.